स्टोरेज हीटर : रात्रभर वीज खातो आणि दुपारीच उधळून टाकतो (5 पैकी 3)

ग्लासगोमधला आमचा भाड्याचा फ्लॅट, गॅस कनेक्शन नाही, सगळं विजेवर, आणि भिंतीला ठोकलेले हे जाडजूड पांढरे डबे. आपल्याकडून नवीन आलेल्या लोकांना वाटतं साधा हीटर आहे, बटण दाबलं की गरम, आणि तिथेच बिलाची वाट लागते म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव सांगत नाही, जुने मॉडेल सगळे उन्नीस-बीस सारखेच.

आत दुसरं काही नाही, जड विटा, त्यांच्यामध्ये कॉइल आणि बाहेरून इन्सुलेशन. इकॉनॉमी 7 नावाचा टॅरिफ (विजेच्या दराचा प्लॅन) आहे, 1978 पासून चालू, रात्री 7 तास वीज स्वस्त, तेवढ्या वेळात कॉइल विटांना तापवून लाल करते आणि मग दिवसभर विटा ती गरमी सोडत बसतात. कोकणात दिवेलागणीला कातळावर अनवाणी जाऊन बघा, तोच प्रकार. स्वस्त का, तर रात्री मागणी पडते पण न्यूक्लियरसारखी मोठी स्टेशनं रोज बंद-चालू करणं परवडत नाही, मग ती उरलेली वीज कुठेतरी मुरवायची. आता त्यात पवनचक्क्याही आल्या.

वर झाकणाखाली दोन नॉब असतात आणि सगळी गंमत त्यातच आहे. इनपुट म्हणजे आज रात्री किती भरायचं, आउटपुट म्हणजे आत्ता किती सोडायचं. आउटपुट फिरवला की आतली झडप उघडते, बस, वीज वगैरे काही वाढत नाही. रात्री झोपताना आणि कामावर जाताना आउटपुट एकदम कमी ठेवायचा आणि संध्याकाळी आलात की वाढवायचा. उलटं केलंत तर रिकामं घर दिवसभर मस्त उबदार आणि तुम्ही संध्याकाळी शाल गुंडाळून बसा. नीट वापरलं तरी जुन्या डब्यातून गरमी झिरपतेच, जेवणाच्या वेळेपर्यंत तो कोमट झालेला असतो, मग माणूस बूस्ट, म्हणजे लगेच गरम करणारं बटण, दाबतो आणि बूस्ट म्हणजे दिवसाचा दर, जो साध्या टॅरिफपेक्षाही महाग असतो. शिवाय उद्याची थंडी आजच ओळखायची, आणि स्कॉटलंडचं हवामान काय ओळखणार कपाळ!

चांगलं म्हणजे आवाज नाही, बिघडण्यासारखं काही नाही, सकाळी उठताना घर छान. कोणी पूर्ण दिवस घरी असेल, आजी-आजोबा किंवा लहान बाळ, तर हाच हीटर 4 स्टारचा. ओले कपडे मात्र त्यावर टाकू नका, आग लागू शकते.

ऑफिसमधला एक जण म्हणाला इतकी गरमी साठते तर परत वीजच का करत नाहीत. केलंय की, जर्मनीत हॅम्बुर्गला 2019 मध्ये सीमेन्स गमेसा या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने 1000 टन ज्वालामुखीचा दगड गरम हवेने 750 डिग्रीपर्यंत तापवून त्यावर वाफेचं टर्बाइन फिरवायचा प्लांट उभा केला होता, 130 मेगावॉट-तास गरमी साठायची. पण वाफेतून जाताना निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया जाते, त्यामुळे आत टाकलेली वीज फुकट असेल तरच हा धंदा जमणार. फिनलंडवाल्यांनी ती भानगडच ठेवली नाही, कांकानपा गावात 2022 पासून 100 टन वाळू तापवतात आणि गरमी सरळ पाईपमधून घरांना देतात. मला हेच पटतं. गरमी गरमी म्हणूनच वापरायची, वीज करायची हाव कशाला. त्या हिशेबाने माझा डबा टर्बाइनवाल्यांपेक्षा हुशारच, फक्त वेळ चुकवतो.

फ्लॅट बघायला गेलात तर एजंटला मीटरचं विचारा. काही जुने मीटर बीबीसीच्या लाँगवेव्ह रेडिओवरून येणाऱ्या सिग्नलवर दर बदलायचे, खरंच, आणि ती सर्व्हिस जून 2025 च्या शेवटापासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलीय. स्मार्ट मीटर बसवलाय का आणि स्वस्त तास नक्की किती ते किती हे लेखी घ्या, कारण काही मीटरचं घड्याळ उन्हाळ्यात पुढे जात नाही आणि मग वॉशिंग मशीन तासभर चुकीच्या दरात फिरतं.