ऑबर्नचे मोटार संग्रहालय: कंपनीच्या जुन्या शोरूममध्ये घालवलेला एक दिवस

अमेरिकेतील इंडियाना राज्यात ऑबर्न नावाचे लहानसे गाव आहे. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या तीन जुन्या अमेरिकी बनावटीच्या मोटारींचे तिथले ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग संग्रहालय पाहायला गेलो, तेव्हा रांगेने उभ्या केलेल्या चकचकीत मोटारींपलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती. परंतु आत पाऊल टाकल्यावर नजर प्रथम गेली ती इमारतीकडे. ऑबर्न मोटार कंपनीने १९३० मध्ये बांधलेले हे मुख्य कार्यालय असून, तळमजल्यावरच्या ज्या शोरूममध्ये कंपनी आपल्या नव्या गाड्या मांडत असे, तिथेच आज त्या गाड्या उभ्या आहेत. उत्पादन १९३७ मध्ये थांबले आणि १९७४ मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो १९३६ च्या ‘कॉर्ड ८१०’ जवळ. गॉर्डन ब्यूरिग यांनी आखलेल्या या मोटारीला फूटबोर्ड नाही, पुढची चाकेच तिला ओढतात, आणि तिचे हेडलाइट मडगार्डच्या आत दडलेले असून ते बाहेर काढण्यासाठी डॅशबोर्डवरचा दांडा हाताने फिरवावा लागतो, तोही प्रत्येक दिव्यासाठी वेगळा. इतक्या वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. वरच्या मजल्यावर आराखडे तयार करणाऱ्यांचा स्टुडिओ आहे. तो पाहून पुन्हा खाली यावे आणि तीच गाडी नव्याने पाहावी.

ड्यूसेनबर्ग मोटारी खरे तर इंडियानापोलिसला तयार होत. १९२८ मध्ये आलेल्या ‘मॉडेल जे’च्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे. कंपनी चासी, म्हणजे इंजिन व चाकांसह मोटारीचा सांगाडा, विकत असे आणि तिच्यावरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने वेगळे कारागीर बांधत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली होती. त्या मोटारीची छायाचित्रे मी पूर्वी अनेकदा पाहिली होती. पण तिच्या लांबलचक बॉनेटखाली केवढे यंत्र सामावले असेल, याचा अंदाज मला येथे प्रथम आला.

शेजारच्याच जुन्या कारखान्यात मोटारी व ट्रकांचे दुसरे संग्रहालय असल्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. शक्य असल्यास सप्टेंबरच्या आरंभी, लेबर डेच्या सुट्टीत जावे. त्या वेळी भरणाऱ्या उत्सवात या मोटारी गावातल्या रस्त्यांवरून प्रत्यक्ष धावताना दिसतात.