नंबर आयआरएफ३२०५चा, आत माल भलताच

हौशी प्रकल्पांसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ऑनलाइन मागवताना माझी चक्क फसवणूक झाली. खोटा माल घरच्या घरी कसा ओळखता येतो, हे तुम्हालाही कळावं म्हणून लिहितोय.

मोटर ड्रायव्हरसाठी (मोटर चालू-बंद करणाऱ्या सर्किटसाठी) मी आयआरएफ३२०५ नंबरचे मॉस्फेट मागवले होते. मॉस्फेट म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच: गेटला व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून करंट वाहतो. माल अँटिस्टॅटिक पाकिटात आला, प्रत्येक नगावर कंपनीचं चिन्ह आणि नंबर स्वच्छ उमटवलेला. डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) गेटला १० व्होल्ट दिले की याचा ड्रेन-सोर्स रोध जास्तीत जास्त ८ मिलिओहम असतो. मोटर १० अँपिअर घेणार, म्हणजे मॉस्फेटमध्ये जेमतेम ०.८ वॅट उष्णता. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसला तरी चालण्यासारखं होतं. प्रत्यक्षात मोटर जोडल्यावर थोड्याच वेळात मॉस्फेटला बोट लावता येईना, मग जळका वास आला आणि ड्रेन-सोर्स शॉर्ट झाले. गेट शून्यावर आणलं तरी मोटर फिरतच राहिली. मॉस्फेट बहुतेकदा शॉर्ट होऊनच जातो, त्यामुळे कंट्रोलर 'थांब' म्हणत असतानाही लोड चालूच राहतो. खोट्या मॉस्फेटचा खरा धोका हाच. तुमच्या सर्किटमध्ये मोटरऐवजी हीटर असेल तर काय होईल, याचा विचार करा.

अशा वेळी पहिला संशय आपल्याच सर्किटवर जातो आणि विक्रेत्याला तेच हवं असतं. गेटचं व्होल्टेज, स्विचिंग, जोडण्या सगळं तपासलं, कुठेही खोट नव्हती. मग त्याच पाकिटातला न वापरलेला नग घेतला. गेटला १० व्होल्ट दिले, करंट मर्यादित करता येणाऱ्या पॉवर सप्लायमधून ड्रेन-सोर्समधून बरोबर १ अँपिअर सोडला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून पाय जिथे प्लास्टिकमधून बाहेर येतात तिथेच प्रोब टेकवले. (पायांच्या टोकाशी मोजलं तर पायांचा रोधही त्यात मिसळतो.) १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम, हिशोब सरळ आहे. ८ किंवा त्याहून कमी दिसायला हवे होते, दिसले ३०च्या आसपास. म्हणजे १० अँपिअरला ३ वॅट! हीटसिंक नसलेल्या या आकाराच्या मॉस्फेटचं तापमान दर वॅटला सुमारे ६२ अंशांनी चढतं. आता गणित तुम्हीच करा.

दुसरा पुरावा कंपोनंट टेस्टरने दिला. एटीमेगा३२८ वापरून बनवलेला हा छोटा टेस्टर हौशी माणसाकडे असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. तो गेटचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दाखवतो. डेटाशीटमध्ये या मॉस्फेटचा इनपुट कपॅसिटन्स ३२४७ पिकोफॅरड आहे, आणि टेस्टर ड्रेनवर व्होल्टेज न लावता मोजत असल्याने खऱ्या नगाचा आकडा त्याहून जास्तच यायला हवा. माझे नग हजारापर्यंतही पोचत नव्हते. गेटचा कपॅसिटन्स आतल्या चिपच्या आकारावर ठरतो, त्यामुळे वर काहीही छापलं तरी हा आकडा बदलता येत नाही. शेवटी डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून एक नग व्हाइसमध्ये दाबून फोडला. आत तिळाएवढी चिप! आयआरएफ३२०५सारख्या ११० अँपिअरच्या मॉस्फेटची चिप आतल्या धातूच्या पत्र्याचा बराच भाग व्यापते. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन दुसऱ्या नगाचा माथा घासला, तर कापूस काळा झाला आणि खाली जुन्या ओरखड्यांचा पृष्ठभाग दिसला. जुना नंबर घासून, वर काळा थर देऊन नवा नंबर टाकलेला होता.

मग तक्रार केली. विक्रेत्याचं पहिलं उत्तर, "तुमच्या सर्किटमध्ये दोष आहे." मग व्हिडिओ मागितला, मग आणखी स्पष्ट व्हिडिओ, मग "माल परत पाठवा, खर्च तुमचा," आणि शेवटी "थोडे पैसे देतो, तक्रार मागे घ्या." यातला प्रत्येक निरोप तक्रारीची मुदत संपेपर्यंत वेळ काढण्यासाठी असतो. तडजोड मान्य करून तक्रार बंद केली की ती पुन्हा उघडेलच असं नाही. ती चालूच ठेवा.

हा प्रकार मॉस्फेटपुरता नाही. नंतर मी ड्रॉवरमधले एलएम२५९६ आयसीचे बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारे छोटे बोर्ड) ऑसिलोस्कोपवर पाहिले. ही आयसी १५० किलोहर्ट्झवर स्विच व्हायला हवी, माझ्या मॉड्यूलवर ५०च्या जवळपास दिसलं. आतली कॉइल १५०च्या हिशोबाने बसवलेली, त्यामुळे रिपल (आउटपुट व्होल्टेजमधला चढउतार) वाढतो आणि कॉइल तापते. १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच क्षमता छापलेली असेल तर मोजायचीही गरज नाही, या आकारात चांगल्या कंपन्यांचे बहुतेक सेलही साधारण ३६००च्या पुढे जात नाहीत. वजनही करून बघा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, त्याहून बराच हलका असेल तर चार्जरला लावू नका. मल्टिमीटरवर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' (मेन्सवर वापरण्याची सुरक्षा-श्रेणी) छापलेलं असलं तरी मागचं झाकण उघडून फ्यूज बघा. साधा काचेचा फ्यूज असेल तर तो मीटर मेन्सवर अजिबात वापरायचा नाही, त्यात जिवाचा प्रश्न आहे.

पार्सल उघडतानाच फोटो काढा आणि सोल्डर करण्याआधीच दोन-तीन नग तपासा, कारण सोल्डर केलेला नग कुणी परत घेत नाही. तक्रारीत नुसतं "गरम होतो" लिहू नका. "रोध ८ मिलिओहमच्या आत हवा, मोजला ३०" असं लिहा, मीटरचा फोटो आणि डेटाशीटचं पान जोडा. माझे मॉस्फेटचे पैसे असे आकडे दिल्यावरच परत मिळाले. जळलेल्या ड्रायव्हर बोर्डचे मात्र मिळाले नाहीत.