जिम्नीच्या पोटाखालच्या स्किड प्लेट: दोन सेट, दोन पावसाळे

मी गुरांची डॉक्टर आहे. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात माझी फिरती असते आणि त्यातली निम्मी धनगरवाड्यांवर. डांबर संपलं की पुढे कधी चार किलोमीटर, कधी नऊ, लाल मातीची वाट, मध्ये दोन-तीन ओढे आणि चढून गेलं की सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं सपाट खडकाळ पठार. मारुतीची पाच दारांची जिम्नी डिसेंबर 2023 मध्ये घेतली ती या वाटांसाठीच. गाडी उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे लिहिते आहे ते तिच्या पोटाखाली कुठली स्किड प्लेट, म्हणजे दगडाचा मार झेलणारा धातूचा पत्रा, बसवावी याबद्दल, कारण मी आधी चुकीची वस्तू घेतली आणि मग बरोबर करून घेतली.

जून 2024 चा शेवटचा आठवडा होता. एका वाडीवरून अडलेल्या म्हशीचा फोन आला. रात्री अकराच्या सुमारास रेडकू बाहेर आलं, म्हैस उभी राहिली, आम्ही परत निघालो. ओढ्यात उतरताना कातळाच्या टप्प्यावरून पुढचं डावं चाक घसरलं आणि गाडी पोटावर बसली. आवाज फार मोठा नव्हता. पलीकडे चढलो, दोन-तीन मिनिटांत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला आणि मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. बॅटरी लावून खाली पाहिलं तर चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याला, बोटभर भेग. निम्मं ऑइल वाटेवर आणि निम्मं ओढ्यात. त्या ओढ्याचं पाणी खालच्या अंगाला वाडीतली गुरं पितात. जिला तासाभरापूर्वी मी मरणातून ओढून काढलं, तिच्याच पाणवठ्यात मी काळं तेल सोडलं होतं. मी आणि माझा मदतनीस पहाटेपर्यंत दगड-मातीचा बांध घालून गोणपाटांनी तेल टिपत होतो. चेंबरचा खर्च विसरले, ती रात्र विसरले नाही.

पहिला सेट मी घाईत घेतला. ऑनलाइन, साडेसात हजार, अडीच मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, इंजिनखालची एकच प्लेट. जाहिरातीत जाडी, वजन, पावडर कोटिंग असं सगळं होतं. ती गाडीला कुठे धरली जाते हे मात्र नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. घरी आल्यावर कळलं की मागचे दोन बोल्ट एका पातळ ब्रॅकेटवर येतात आणि ते ब्रॅकेट गाडीचं नाही, प्लेटबरोबर आलेलं. सप्टेंबरात एका दगडावर बसल्यावर ब्रॅकेट वाकलं, प्लेट वर गेली आणि थेट नव्या चेंबरला टेकली. चेंबर वाचलं, पण प्लेटनेच त्याला पोचा पाडला. मधे काही नसतं तर एका टोकावर आला असता तो मार प्लेटने मोठ्या भागावर पसरवला, एवढंच तिचं काम झालं.

मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती फुटलेल्या चेंबरपेक्षा जास्त भीतीची आहे. सड्यावरचं कुसळी गवत तेव्हा गुडघाभर उभं आणि खडखडीत वाळलेलं असतं. गाडी त्यातून गेली की गवत प्लेटच्या पुढच्या फटीतून आत शिरतं आणि आतच राहतं. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा, जोरात तापतो. एका वाडीवर लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला थांबलो असताना जळक्या पेंढ्याचा वास आला. खाली वाकून पाहिलं तर पातळ धूर. मदतनीसाने पाण्याचा कॅन ओतला, आम्ही आडवं पडून मूठमूठ गवत ओढून काढलं. मागच्या सीटवर औषधं आणि सर्जिकल स्पिरिटच्या बाटल्या होत्या. त्या दिवसापासून प्लेट घेताना माझा पहिला प्रश्न हाच: ही उघडून साफ करायला किती वेळ लागतो?

जानेवारी 2025 मध्ये साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये गेले. मिस्त्री साठीच्या पुढचे, ट्रॅक्टरच्या ट्रेलरची कामं करणारे. त्यांनी आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि अर्धा तास नुसते खालून बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरबाई, पत्रा किती जाड पायजे ते मागनं बगू. आधी त्यो धरायचा कशाला ते ठरवू."

मला हव्या असलेल्या उत्तराचं सगळं सार त्या वाक्यात होतं. गाडीचा भार पेलणारी वस्तू म्हणजे चासी. प्लेट चासीला किंवा चासीच्या क्रॉस मेंबरला धरली तर दगडाचा मार चासीवर जातो. गिअरबॉक्सच्या बोल्टला, चेंबरच्या कडेला किंवा असल्या-नसल्या ब्रॅकेटला धरली तर मार तिथेच जातो जिथे तो जाऊ नये म्हणून आपण पैसे खर्च करतो. मिस्त्रींनी चासीला एकही नवं भोक पाडलं नाही, वेल्डिंगचा टाका मारला नाही. कंपनीने आधीच ठेवलेली भोकं शोधली, जिथे बोल्ट चासीच्या पोकळ पेटीतून आरपार जात होता तिथे आत नळीचे बुश घातले, म्हणजे बोल्ट आवळल्यावर पेटी चेपत नाही.

पाच दारी गाडीला मधला भाग जास्त सांभाळावा लागतो. तीन दारी जिम्नीचा व्हीलबेस 2250 मिलिमीटर, आपल्या पाच दारीचा 2590. चाकांमधलं अंतर 340 मिलिमीटरने वाढलं की उंचवट्यावरून जाताना पोट आधी टेकतं. पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो, तो कोन कंपनीच्या आकड्यात पाच दारीला 24 अंश आहे, महिंद्राच्या तीन दारी थारला 26-27. कोन जितका मोठा तितकं चांगलं. आणि 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावरचा. माझ्या गाडीत दोन माणसं, औषधांची पेटी, नायट्रोजनचा कंटेनर आणि वीस लिटर पाणी असतं, तेव्हा मागची बाजू दिसेल एवढी बसते. परदेशातले व्हिडिओ बघून सेट मागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, ते बहुतेक तीन दारीचे असतात.

आम्ही तीन तुकडे केले: इंजिनखाली, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), आणि पेट्रोलच्या टाकीखाली. लोखंड की ॲल्युमिनियम, यावर मी बरेच दिवस घातले होते. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर तीन मिलिमीटर लोखंडी पत्रा साडेतेवीस किलो भरतो. पाच मिलिमीटर ॲल्युमिनियम साडेतेरा किलो, आणि वाकायला तो त्या लोखंडापेक्षा कडकच असतो, कारण जाडी वाढली की कडकपणा तिच्या घनाच्या पटीत वाढतो. म्हणजे वजन वाचवायचं असेल तर ॲल्युमिनियम खरंच चांगलं. जिम्नीला 105 अश्वशक्ती आहे, भरल्या गाडीची मर्यादा 1545 किलो, तेव्हा दहा किलोही मोजून घ्यावे लागतात.

तरी मी लोखंड घेतलं, कारण माझ्या वाटेवरचा दगड. खाली ओढ्यांत काळा कातळ आहे, पण सड्यावर जांभा. जांभ्याचा पृष्ठभाग खरवडणीसारखा असतो. मऊ ॲल्युमिनियम त्याच्यावर घसरत नाही, चावतं; दगड धातूत रुततो आणि गाडी अडकते. लोखंड ओरखडे घेतं आणि पुढे सरकतं. शिवाय आमच्याकडे नवजा-कोयनेच्या अंगाला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये चार महिने ओल, म्हणजे बोल्टभोवती पांढरी भुकटी होऊन पत्रा खाल्ला जातो. लोखंड गंजतं, पण गंज डोळ्यांना दिसतो आणि मे महिन्यात ब्रशने घासून रंग मारला की काम भागतं. कोरड्या प्रदेशात किंवा वाळूत फिरणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच घ्यावं, असं मी मनापासून सांगेन.

मधली प्लेट चार मिलिमीटर, पुढची-मागची तीन. तिन्ही मिळून, बोल्टांसकट, 27 किलो. वासरं मोजायच्या माझ्या ताणकाट्यावर मोजलेले.

आकाराबद्दल एक गोष्ट मीच सुचवली. बहुतेक तयार सेटमध्ये पुढची प्लेट मागच्या प्लेटवर खालून चढते, म्हणजे पुढे जाताना कुठलीही कड दगडाला अडकत नाही. बरोबर आहे. पण धनगरवाडीच्या वाटेवर गाडी वळवायला जागा नसते, मला कधीकधी दोनशे मीटर मागे यावं लागतं, तेही उतारावर. मागे येताना त्याच कडा फावड्यासारख्या दगडात घुसतात. मिस्त्रींनी प्रत्येक प्लेटची मागची कड वीसेक मिलिमीटर वर वाकवून दिली. या एका वाकवणीचं मोल मला आजवर सगळ्यात जास्त वाटलं आहे.

बोल्ट दहा मिलिमीटरचे, 8.8 ग्रेडचे. मी गंजू नयेत म्हणून स्टेनलेसचे मागितले होते, मिस्त्रींनी नको म्हटलं. बाजारातलं नेहमीचं स्टेनलेस ताकदीला कमी पडतं आणि त्याचे आटे एकमेकांत चिकटून बसतात, मग नट फिरत नाही, बोल्टच तुटतो. बोल्टांची डोकी प्लेटमध्ये दाबलेल्या वाट्यांत बसतात, त्यामुळे दगडावर घासून षटकोन गोल होत नाही. पहिल्या सेटचे तीन बोल्ट असेच गोल झाले होते आणि छिन्नीने काढावे लागले होते.

आता ती चाचणी, जी मी कुठल्याच तयार सेटबरोबर कुणी केलेली पाहिली नाही. प्लेट बसवायच्या आधी मिस्त्रींच्या नातवाने गणपतीचा उरलेला शाडू भिजवून आणला. त्याचे लिंबाएवढे पाच गोळे चेंबरच्या तळाला चिकटवले. मग प्लेट आवळली, तिच्याखाली मधोमध लाकडी ठोकळा ठेवला आणि जॅकने पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. म्हणजे गाडीचं नाकाकडचं सगळं वजन प्लेटच्या मध्यावर. दहा मिनिटं तसंच ठेवलं. प्लेट उतरवल्यावर गोळे चपटे झाले होते, पण सगळ्यात पातळ गोळासुद्धा अकरा मिलिमीटर होता. आधी मधलं अंतर पंचवीस होतं. दगडावर आदळताना मार यापेक्षा मोठा बसतो हे मला माहीत आहे, म्हणून मी आणखी पाच मिलिमीटर अंतर वाढवून घेतलं.

ऑइल काढायच्या जागी गोल खिडकी आहे आणि तिला दोन बोल्टांचं झाकण. झाकण नसलेली खिडकी घेऊ नका, बरोबर तेवढाच खडा आत जाऊन बसतो. सर्व्हिसला दर वेळी सगळी प्लेट खोलावी लागत नाही.

खर्च 21 हजार, बसवणीसकट. 2025 चा पावसाळा अख्खा त्यावर काढला. मधल्या प्लेटवर हाताची लांबी भरेल असे चार चरे आहेत, एका ठिकाणी वाटीएवढा पोचा. आतलं सगळं शाबूत आहे.

उणिवा आहेत. टाकीखालच्या प्लेटमध्ये चिखल साचतो. जुलैत एकदा उतरवली तेव्हा नऊ किलो लाल माती निघाली. पाणी जायला फटी ठेवल्या होत्या, पण त्या बोटाएवढ्या, आणि आमची माती त्यातून जात नाही. फटी तळहाताएवढ्या हव्यात, तोंड मागच्या दिशेने. तिसऱ्या गिअरमध्ये ठरावीक वेगाला प्लेट गुणगुणायची. जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून बोल्टखाली घातल्यावर थांबली. आणि या प्लेट ॲक्सल वाचवत नाहीत. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, त्याच्या मधोमधचा डिफरन्शियलचा, म्हणजे आतल्या गिअरांचा, गोळा चाकांबरोबर राहतो, पोटाखालच्या प्लेटचा त्याच्याशी संबंध नाही. तो दगड चुकवूनच गाडी घालावी लागते. मागच्या आर्मचे, म्हणजे ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे, चासीवरचे ब्रॅकेटही उघडेच आहेत आणि हल्ली सगळे ओरखडे तिथे दिसतात.

कासचं फूल बघायला डांबरी रस्त्याने जाणाऱ्यांनी यातलं काही करू नये, 27 किलो फुकट वाहावे लागतील. ज्यांची वाट खरंच ओढ्यातून जाते त्यांनी करावं, आणि दुकानात गेल्यावर जाडी विचारायच्या आधी बोल्ट कुठे लागतात ते गाडीखाली आडवं पडून बघावं.

दिवाळी झाली की मी तिन्ही प्लेट उतरवते, बारा बोल्ट, पाऊण तास, आणि आतलं गवत झाडून परत लावते. गवत उभं आहे तोवर दर पंधरा दिवसांनी हे चालतं. आर्मच्या ब्रॅकेटसाठी मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवला आहे. चिखलाच्या फटींचं कामही त्याच खेपेला करून घेणार आहे.