इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप: एकदाच विकत घ्यावा, महिन्याच्या भाड्याने घ्यावा, की आहे तोच बरा?

गाडीच्या ॲपमध्ये 'पैसे भरा आणि गाडी आणखी वेगवान करा' असा पर्याय दिसतो आणि बोट तिथेच अडतं. रक्कम लहान नसते आणि बदल्यात मिळतो अर्धा-पाऊण सेकंद. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पटतंय का हे तपासता येईल. गाडी चार वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवणार असाल, दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करण्याची वेळ वारंवार येत असेल आणि अपग्रेड एकरकमी व गाडीला कायमचं जोडलेलं असेल, तर जरूर घ्या. मासिक सबस्क्रिप्शन महिनाभर वापरून बघण्यापुरतं ठीक. बाहेरच्या कंपनीचं उपकरण मुळीच नको. आणि गाडी बहुतेक वेळ शहरातल्या गर्दीतच असेल, तर तेच पैसे चांगल्या टायरांवर घाला.

विकलं जातं ते नेमकं काय

बॅटरीतून मोटरला किती करंट जाऊ द्यायचा हे इन्व्हर्टर सांभाळतो आणि इन्व्हर्टरची मर्यादा सॉफ्टवेअर ठरवतं. अशा गाड्यांमध्ये ही मर्यादा मोटर-बॅटरीला झेपेल त्यापेक्षा थोडी खाली ठेवलेली असते. पैसे भरले की तो आकडा वर सरकतो. गाडीत एक स्क्रूही नवा बसत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. २०१५ मध्ये टेस्लाने मॉडेल एससाठी 'ल्युडिक्रस' मोड आणला, तेव्हा बॅटरीचा मुख्य फ्यूज बदलला, कॉन्टॅक्टर (बॅटरीचा प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) प्रचंड उष्णता सोसणाऱ्या इन्कोनेल या मिश्रधातूचा केला आणि करंटची कमाल मर्यादा १३०० अँपिअरवरून १५०० वर गेली. नव्या गाडीवर त्याचे १०,००० डॉलर जादा पडत. किंमत जबर होती, पण हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी गाडीत बसत होतं. आजच्या अपग्रेडमध्ये आपण पैसे मोजून घेतलेली मोटर आणि बॅटरी पुरती वापरण्याची परवानगी पुन्हा पैसे मोजून घेतो. हे मला मनापासून खटकतं. तरी कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि आठ-आठ वर्षांची वॉरंटी कंपनीच्याच गळ्यात असते. त्या जोखमीची एकदा किंमत लावली तर मी समजू शकतो. तीच किंमत दर महिन्याला वसूल करणं मला पटत नाही.

कोणी काय दिलं आणि कितीला

टेस्लाने डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ लाँग रेंजच्या दोन मोटरवाल्या गाडीसाठी 'ॲक्सिलरेशन बूस्ट' विकायला काढला. अमेरिकेत किंमत २,००० डॉलर, एकदाच. थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैलांचा वेग गाठायला लागणारा वेळ (० ते ६० मैलांचा वेळ) ४.४ सेकंदांवरून ३.९ वर आला. पुढे मॉडेल वायलाही त्याच किमतीत तोच अर्धा सेकंद मिळाला, ४.८ वरून ४.३.

पोलस्टारने आपल्या पोलस्टार २ या गाडीच्या लाँग रेंज, दोन मोटरवाल्या प्रकारासाठी एकरकमी अपग्रेड दिलं. युरोपात किंमत १,००० युरो. पॉवर ३०० किलोवॉटवरून ३५० किलोवॉट, टॉर्क ६६० वरून ६८० न्यूटन-मीटर, आणि ० ते १०० किमीचा वेळ ४.७ वरून ४.४ सेकंद.

मर्सिडीजने २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत वर्षाला १,२०० डॉलर असा दर जाहीर केला आणि त्यावर बरीच टीका झाली. पुढच्या वर्षी त्यांनी रचना बदलली. ईक्यूई या इलेक्ट्रिक गाडीसाठी महिन्याला ६० डॉलर, वर्षाला ६०० किंवा कायमचे १,९५०; त्याहून मोठ्या ईक्यूएससाठी महिन्याला ९०, वर्षाला ९०० किंवा कायमचे २,९५०. ईक्यूई ३५० फोरमॅटिकची पॉवर २१५ किलोवॉटवरून २६० होते आणि ० ते ६० मैलांचा वेळ ६.० वरून ५.१ सेकंदांवर येतो. ईक्यूएस ४५० फोरमॅटिकचा ५.३ वरून ४.५ वर.

इथल्या उदाहरणांत फोक्सवॅगनचा प्रकार सर्वांत ताजा. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीच्या काही प्रकारांवर १५० किलोवॉटची पॉवर १७० करून घेण्यासाठी महिन्याला १६.५० पौंड, वर्षाला १६५ किंवा कायमचे ६४९ पौंड असे तीन दर ठेवले. टॉर्क २६५ वरून ३१० न्यूटन-मीटर.

जाहिरातीतले आकडे शेजारी ठेवताना एक काळजी घ्या. ६० मैल म्हणजे ताशी ९६ किमीच्या आसपास, १०० किमी नव्हे. शिवाय अमेरिकेत पुष्कळदा गाडी पहिला फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. म्हणून एका कंपनीचा वेळ दुसरीच्या वेळाशी भिडवण्यात अर्थ नाही. एकाच गाडीचा आधीचा आणि नंतरचा वेळ पाहावा.

तसं पाहिलं तर सेकंदाचा दहावा हिस्सा टेस्लात ४०० डॉलरला पडतो, ईक्यूएसमध्ये सुमारे ३७० डॉलरला, पोलस्टारमध्ये सुमारे ३३० युरोला आणि ईक्यूईमध्ये, कायमचं घेतलं तर, साधारण २१७ डॉलरला. या हिशेबात ईक्यूई स्वस्त वाटते, पण ती मुळात संथ आहे म्हणून. सहा सेकंदांवरून पाचावर येणं सोपं असतं, चारच्या खाली जाणं कठीण. किलोवॉटमागे किंमत काढली की चित्र पालटतं. पोलस्टार २० युरो, फोक्सवॅगन ३२ पौंड, ईक्यूई ४३ डॉलर, ईक्यूएस ४५ डॉलर. माझ्या मते या चौघांत सरळ सौदा पोलस्टारचा होता, आणि त्याचं कारण किमतीपेक्षा ती वाढ कोणत्या वेगाला दिली यात आहे, ते पुढे येईलच.

अर्धा सेकंद रस्त्यावर कसा दिसतो

सिग्नल हिरवा झाल्यावर शेजारच्या गाडीला मागे टाकणं, एवढाच या अपग्रेडचा उपयोग असेल तर मी पैसे घालू नका असंच म्हणेन. इलेक्ट्रिक गाडी थांबलेल्या अवस्थेतून मुळातच झटकन उचलते आणि रस्ता ओला असेल तर तिथे अडथळा मोटरचा नसून टायरांच्या पकडीचा असतो. मॉडेल ३ चं गणित करून बघा. ४.४ सेकंदांत ९६ किमीचा वेग गाठायचा तर सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६२ पट लागतं, ३.९ सेकंदांसाठी ०.७० पट. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांना हे झेपतं. ओल्या रस्त्यावर टायरांची मर्यादा याच आकड्यांच्या आसपास येऊन ठेपते. मग ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) पॉवर कापतो आणि पैसे भरून घेतलेला अर्धा सेकंद पावसात वाहून जातो.

खरा फायदा चालत्या गाडीत आहे. पोलस्टारने वाढीव पॉवर मुख्यतः ताशी ७० ते १३० किमीच्या पट्ट्यात दिली. ८० वरून १२० ला जायला अपग्रेडनंतर २.२ सेकंद लागतात, आधीपेक्षा अर्धा सेकंद कमी. आता डोळ्यांसमोर आणा: दुपदरी रस्ता, पुढे लांबलचक ट्रक, त्याच्या मागच्या चाकांतून उडणारी धूळ काचेवर बसतेय, आणि समोरच्या वळणावर एका गाडीचे दिवे दिसू लागलेत. तुम्ही उजवीकडे काढता. ताशी सरासरी १०० किमीला गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. अर्धा सेकंद म्हणजे १४ मीटर, तीन गाड्यांची लांबी. समोरचाही त्याच वेगात असेल तर दोघांमधलं २८ मीटर अंतर जास्त शिल्लक राहतं. विरुद्ध बाजूच्या लेनमधला तुमचा मुक्काम तेवढा घटतो. हे मला महत्त्वाचं वाटतं. मात्र वाढलेल्या पॉवरच्या भरवशावर आधी सोडून दिली असती अशी जागा घेऊ लागलात, तर हे २८ मीटर कधीच संपलेले असतात.

ब्रेक सॉफ्टवेअरने मोठे होत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. मॉडेल ३ परफॉर्मन्स घेणाऱ्याला वेगासोबत मोठे ब्रेकही मिळत होते. पोलस्टारच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये ब्रेम्बोचे ब्रेक आणि ओलिन्सचे शॉकॲब्सॉर्बर होते. गाडी अजून घ्यायचीच असेल आणि वेगाची खरी हौस असेल, तर साधी गाडी घेऊन नंतर बूस्ट चढवण्यापेक्षा वरचा प्रकारच पाहा.

बॅटरी, टायर, रेंज

रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जवर गाडी किती जाईल याबद्दल, फार धास्ती नको. एरवी जसे चालवता तसेच चालवलंत तर रेंज जवळपास तीच राहते, कारण वाढीव पॉवर पाय पूर्ण दाबल्यावरच वापरली जाते. उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट २० टक्के वाढला तर तेवढ्या सेकंदांपुरती तारा आणि सेलमधली उष्णता ४४ टक्के वाढते. अधूनमधून ओव्हरटेक केल्याने काही बिघडत नाही, गाडीची कूलिंग यंत्रणा ते सांभाळते. टायरांवर मात्र परिणाम लवकर दिसतो. इलेक्ट्रिक गाडी आधीच जड, त्यात प्रत्येक वेळी पाय दाबून निघायची सवय लागली की टायर भराभर झिजतात. हा खर्च अपग्रेडच्या किमतीत कोणी मोजत नाही, तुम्ही मोजा.

आणखी एक गोष्ट गाडी घेतल्यावरच कळते. बॅटरी थंड असेल किंवा चार्ज खाली आला असेल तर गाडी स्वतःच पॉवर कमी करते. २० टक्के चार्जवर थंडीच्या पहाटे तुम्ही काहीही विकत घेतलेलं असलं तरी पूर्ण जोर मिळणार नाही.

विकत की भाड्याने

फोक्सवॅगनच्या दरांत मासिक भाडं ३९ महिने भरलं की कायमच्या किमतीला जवळपास पोचता, वार्षिक भाड्याने चार वर्षांत. ईक्यूईच्या दरांत मासिक भाड्याने पावणेतीन वर्षांतच. म्हणजे तीन वर्षांच्या लीजवर गाडी असेल तर भाडं आणि खरेदी यांत मोठा फरक पडत नाही. स्वतःच्या गाडीला मात्र भाडं तोट्याचं आहे, आणि तोट्याहून वाईट म्हणजे ते कधी संपतच नाही. दर वाढवायचा की योजना बंद करायची, हे कंपनीच्या हातात. बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटसाठी मासिक पैसे घेण्याची योजना आणली होती आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली, कारण गाडीत आधीच बसवलेल्या वस्तूचं भाडं भरणं लोकांना पटलं नाही. गाडीच्या वेगाला वेगळा न्याय का लावायचा?

उलटही घडतं. २०१९ च्या अखेरीस टेस्लाने एका अपडेटमधून मॉडेल ३ ची पॉवर सुमारे ५ टक्के आणि मॉडेल एस व एक्सची सुमारे ३ टक्के फुकट वाढवून दिली होती. नव्याकोऱ्या मॉडेलवर पहिल्याच महिन्यात पैसे घालण्याची घाई म्हणूनच करू नये.

बाहेरचं स्वस्त उपकरण

कॅनडातल्या इंजिनेक्स्ट या कंपनीने 'बूस्ट ५०' नावाचं छोटं उपकरण काढलं होतं. टेस्लाच्या २,००० डॉलरऐवजी सुमारे ११०० डॉलरमध्ये मॉडेल ३ ला तसाच अर्धा सेकंद. ऑगस्ट २०२० मध्ये टेस्लाच्या अपडेटने ते ओळखलं आणि गाडीच्या पडद्यावर विसंगत फेरफार आढळल्याचा, नुकसान होण्याचा किंवा गाडी बंद पडण्याचा इशारा येऊ लागला. वाचवलेले नऊशे डॉलर त्या एका इशाऱ्याच्या तोलाचे नाहीत. वॉरंटीचा दावा करताना तर अजिबातच नाहीत.

पैसे भरण्याआधी

अपग्रेड गाडीला जोडलेलं आहे की तुमच्या खात्याला, हे लेखी विचारा. फोक्सवॅगनचं कायमचं अपग्रेड गाडीसोबत राहतं, गाडी विकली तरी. जुनी गाडी घेताना दुप्पट सावध राहा. २०२० च्या सुरुवातीला एका जुन्या मॉडेल एसमधल्या चालक-साहाय्याच्या सुविधा विक्रीनंतर टेस्लाने दूरूनच काढून टाकल्या होत्या. गाजावाजा झाला तेव्हा त्या परत मिळाल्या, पण प्रत्येकाच्या तक्रारीचा गाजावाजा होत नसतो. विक्रेत्याने दाखवलेली सुविधा विक्रीच्या कागदावर नावानिशी लिहून घ्या.

विमा कंपनीला पॉवर वाढल्याचं कळवा आणि उत्तर ईमेलवर घ्या. अपघातानंतर हा मुद्दा निघाला तर फोनवरचं बोलणं उपयोगी पडत नाही.

मनाचा निर्णय होत नसेल आणि मासिक पर्याय उपलब्ध असेल, तर एकच महिना घ्या. आपोआप होणारं नूतनीकरण पैसे भरल्या दिवशीच बंद करा. पाय खरोखर पूर्ण दाबला असे प्रसंग त्या महिन्यात किती आले, हे डॅशबोर्डमधल्या एखाद्या चिठ्ठीवर रेघा ओढून मोजत जा, आणि त्यातले ओव्हरटेकचे किती हेही. पहिल्या आठवड्यातल्या रेघा धरू नका, त्या नव्याच्या नवलाईच्या असतात. शेवटच्या आठवड्यात दोन-तीनच रेघा असतील तर चिठ्ठी फाडून टाका. दहा-बारा असतील आणि बहुतेक ओव्हरटेकच्या असतील, तर एकरकमी पैसे भरायला हरकत नाही.