रविवारची जलद स्पर्धा की क्लासिकल?
मुंबईतील नोकरदार हौशी बुद्धिबळपटूला रविवारची जलद स्पर्धा सोयीची वाटते, कारण सकाळी डोंबिवलीहून लोकलने निघून, सगळ्या फेऱ्या खेळून रात्री घरी परतता येते आणि रजाही वाचते. क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या डावांची, स्पर्धा बहुधा अनेक दिवस चालते. प्रत्येक खेळाडूला 90 मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे 30 सेकंदांची वाढ अशा वेळेत एकच डाव चार तासांपर्यंत लांबू शकतो. तरीही मी तिलाच झुकते माप देईन. तिथे चाली लिहिणे बंधनकारक असल्यामुळे हरलेला डाव घरी पुन्हा मांडून नेमके कुठे बिनसले ते तपासता येते. जलद डावात नोंदीची सक्ती नसते आणि पुढच्या फेरीच्या धांदलीत (वडापावलाही जेमतेम वेळ मिळतो) निम्म्या चाली विसरल्या जातात. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे गुणांकन (रेटिंग) दोन्हींसाठी स्वतंत्र असते.