बोटीची बॅटरी: साधा चार्जर की मरीन चार्जर?

गाडीचा साधा चार्जर बोटीवर चालेल का, असं एकाने विचारलं. किमतीत तोच जिंकतो, वाद नाही. पण 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी 14.4 व्होल्टच्या आसपास भरत आली तरी तो करंट ढकलतच राहतो; आतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. मरीन चार्जर, म्हणजे बोटीसाठीच बनवलेला, बॅटरी भरली की 13.5 व्होल्टच्या आसपास उतरतो, म्हणून लावून ठेवता येतो. खाऱ्या हवेत साध्याचे चिमटे हिरवे पडतात, आणि पेट्रोल इंजिनाशेजारी ठिणगी नकोच! देखभाल मात्र मरीनवाल्यालाही चुकत नाही: टर्मिनल घासा, ग्रीस लावा.

बोट ट्रेलरवरून घरी येत असेल तर साधा पुरे, समोर बसून भरा. धक्क्यालाच बांधलेली असेल तर मरीनच घ्या. बॅटरी लिथियम असेल तर तिची सेटिंग चार्जरमध्ये आहे का, ते आधी बघा.