स्किझोफ्रेनिया, छिन्नमनस्कता की तिसरंच काही? घरात कुठला शब्द वापरायचा

घरात नुकतंच निदान झालंय आणि पेशंटला काय सांगायचं, पाहुण्यांना काय सांगायचं ह्यात जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून निदान सांगितलं, त्याला नाही. त्याने काही महिन्यांनी फाइलमधे नाव वाचलं, नेटवर मराठी अर्थ शोधला आणि जेवताना आईला विचारलं, 'छिन्न म्हणजे तुटलेलं ना गं? माझं मन तुटलंय?' आई नुसती भात वाढत राहिली.

तर छिन्नमनस्कता. मराठी आहे, पण अर्थच लागतो जिव्हारी, वर लोकांना वाटतं एका माणसात दोन माणसं, जो वेगळाच आजार आहे. इथे भास होतात, संशय येतो, विचारांचा गुंता होतो, मनाचे दोन तुकडे वगैरे काही होत नाही. माझं स्पष्ट मत, हा शब्द सोडा.

स्किझोफ्रेनियाचा ग्रीक अर्थही तोच, फाटलेलं मन, पण तो आपल्याकडे कुणाला कळत नाही म्हणून कमी टोचतो. दिव्यांग सर्टिफिकेट, विमा, दुसरे डॉक्टर, सगळीकडे हेच नाव लागतं, त्यामुळे कागदावर ह्याला पर्याय नाही.

आता तिसरा मार्ग, नवं नाव. जपानमधे जुन्या नावाचा अर्थ अगदी आपल्या छिन्नमनस्कतेसारखाच होता, मन दुभंगण्याचा आजार. पेशंटच्या कुटुंबांच्या संघटनेने १९९३ मधे मागणी केली आणि २००२ मधे तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलून 'तोगो शित्चो शो' केलं, म्हणजे मेळ बिघडण्याचा आजार. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधी साधारण ३७ टक्के पेशंटनाच निदान सांगितलं जायचं, तीन वर्षांत ते जवळपास ७० टक्क्यांवर गेलं. नाव बदललं तशी डॉक्टरांची जीभ सुटली! कोरियाने २०११ मधे जे नाव घेतलं त्याचा अर्थ तर वाद्याच्या तारा जुळवणं. आमच्याकडे आजोबांचा तंबोरा आहे, भावाला हे एका सेकंदात पटलं.

अडचण एवढीच की मराठीत असं रुळलेलं नाव अजून नाही, तुम्ही घरी बनवलेला शब्द बाहेर कुणाला कळणार नाही. आणि नुसत्या नावाने सगळं होतं असंही नाही हं, वेड्यांच्या इस्पितळाचं मनोरुग्णालय होऊन किती वर्षं झाली, तरी 'ह्याला येरवड्याला पाठवा' म्हणणारे आहेतच.

म्हणून आम्ही कागदावर आणि डॉक्टरांशी स्किझोफ्रेनिया म्हणतो, पाहुण्यांना 'मेंदूचा आजार आहे, औषधं चालू आहेत' एवढंच सांगतो आणि घरात भावाचा स्वतःचा शब्द वापरतो. पण कुठलाही शब्द निवडा, आधी पेशंटला सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो त्याचा हक्कच आहे. परवा सकाळी भाऊ आपणहून म्हणाला, 'ताई, दोन दिवस झोप नाही, तार उतरलीय, अपॉइंटमेंट लवकरची घे.'